डिझेल संपले? स्टार्टर नको, आधी हवा काढा



ऐन हंगामात ट्रकमध्ये कांदा भरून बाजार समितीकडे निघावे आणि वाटेतच दोन-चार आचके देऊन गाडी बंद पडावी! पाहावे तर टाकी कोरडी. कोणीतरी डबाभर डिझेल आणून ओततो, पण इंजिन धरत नाही. मग स्टार्टर मारण्याचा सपाटा सुरू होतो. थोड्या वेळात बॅटरीही बसते आणि एका दुखण्याची दोन होतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

दुखणे कुठे आहे ते आधी पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी देणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारते आणि तो आपोआप पेट घेतो. हा फवारा उडवायला जुन्या पद्धतीच्या पंपाला सुमारे २०० बार दाब द्यावा लागतो, म्हणजे ट्रकच्या टायरमधील दाबाच्या वीस-पंचवीस पट. टाकी रिकामी झाली की नळीत, फिल्टरमध्ये आणि पंपात हवा शिरते. पंपाचा सगळा जोर ती हवा चेपण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की पाणी चढत नाही, तशीच ही गत. म्हणून उपाय एकच, टाकीपासून नोझलपर्यंत क्रमाने हवा काढणे.

गाडी रस्त्याच्या कडेला सपाटीवर घ्या. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. आता स्वच्छ, कोरड्या डब्यातून, नरसाळ्यावर सुती फडके धरून डिझेल ओता. पाच लिटरवर भागवू नका, निदान पंधरा-वीस लिटर घाला. दुसऱ्याच्या टाकीतून डिझेल घेताना नळी तोंडाने ओढू नका. डिझेल फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. कोणी गिळलेच तर ओकारी काढायला लावू नका, थेट डॉक्टरकडे न्या. जवळपास विडी-काडी नको.

जुन्या पद्धतीच्या पंपाची गाडी असेल तर पुढील क्रम धरा.

१. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढण्याचा स्क्रू पान्याने सैल करा. हाताने दाबायचा छोटा पंप, ज्याला प्रायमर म्हणतात, तो दाबत राहा. आधी फेस आणि बुडबुडे येतील. बुडबुड्यांशिवाय डिझेलची धार लागली की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू आवळा. फिल्टर दोन असतील तर टाकीकडचा आधी घ्या.

२. मोठ्या पंपावरही असाच स्क्रू असतो. तिथेही तसेच करा.

३. आता स्टार्टर मारा, पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदच. मध्ये मिनिटभर विसावा द्या. तरीही इंजिन धरले नाही तर दोन नोझलच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा. डिझेल उसळू लागले की नट आवळा. हात मात्र दूर ठेवा, दाबाची धार कातडी भेदते.

इंजिन सुरू झाल्यावर थोडा वेळ अडखळेल, पांढरा धूर सोडेल. घाबरू नका आणि रेसही करू नका. सांडलेले डिझेल पुसा, कुठे गळते का ते पाहा. पुन्हा पुन्हा हवा येत असेल तर टाकीकडची नळी, तिचे जोड आणि फिल्टरचे वॉशर तपासून घ्या.

नव्या गाड्यांचे मात्र वेगळे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम लागू झाले. या ट्रकांत साधारणपणे कॉमन रेल पद्धत असते आणि तिच्यातला दाब १,५०० बारच्या वर जातो. तिथल्या नळ्यांना पाना लावूच नका. प्रायमर असेल तर तो दाबा. विजेचा पंप असेल तर इंजिन न चालवता किल्ली तीन-चार वेळा चालू-बंद करा. एवढ्यानेही सुरू झाली नाही तर मेकॅनिक बोलवा. युरियाचे पाणी घालायची टाकी वेगळी असते, ते पाणी चुकूनही डिझेलमध्ये जाऊ देऊ नका.

अर्थात ही वेळच न येऊ देणे उत्तम. काटा पावावर आला की डिझेल भरा, कारण तळाचा गाळ आणि पाणी शेवटच्या डिझेलबरोबर फिल्टरमध्ये येते. डिझेल वाचवायला घाट उतरताना इंजिन बंद करू नका. इंजिन बंद पडले की एअर ब्रेकची हवा भरणे थांबते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. चार लिटरसाठी जीव टांगणीला लावू नये.

फिल्टरचा स्क्रू कुठे आहे, प्रायमर कुठे आहे, हे आजच दारातल्या गाडीवर पाहून ठेवा आणि घरातल्या मुलामुलींनाही दाखवा. आडरस्त्यावर, अंधारात ते शोधायची पाळी येऊ नये. आणि हो, गाडी निघाली की चाकांचे दगड रस्त्यावरून बाजूला टाकायला विसरू नका. मागून येणाराही कोणाच्या तरी घरचा माणूस असतो.