एक्सप्लेनर : शेतावरच्या प्रयोगांच्या जुन्या वह्या मोबाईलवर का हव्यात?

धाटाव म्हटलं की एमआयडीसी, केमिकल कंपन्या आणि कुंडलिका नदी. मी इंजिनिअरिंगवाला, मलाही एवढंच ठाऊक होतं. पण याच रोहा तालुक्यात किल्ला इथं कृषी विज्ञान केंद्र आहे. ते १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं.

केंद्र काय करतं?
विद्यापीठाचं नवं वाण शेतकऱ्याच्या शेतात लावून दाखवतं. एका तुकड्यात नवं बियाणं, शेजारी नेहमीचं. खत किती, रोग कोणता, उतारा किती, हे लिहून ठेवायचं.

त्या नोंदींचं एवढं काय?
पेणच्या खाडीकाठी बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातो. विद्यापीठाच्या पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं त्यासाठी पनवेल-१, २, ३ ही क्षार सोसणारी भाताची वाणं दिली. पण सगळा खारपट्टा सारखा नसतो. एका गावात तगलेलं वाण शेजारच्या गावात मार खाऊ शकतं. हे संशोधन केंद्राच्या प्लॉटवर कळत नाही, गावातल्या शेतावरची नोंदच ते सांगते. त्यातही फसलेल्या प्रयोगाची नोंद मला जास्त मोलाची वाटते. अहवालात यशोगाथा छापून येते, फसलेलं बहुधा वहीतच राहतं.

दुसरा उपयोग मानांकनाचा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला ते मिळालं. त्यासाठी पीक इथलंच आहे, हे पुराव्यानं दाखवावं लागतं. उद्या रोह्याच्या वालासाठी कुणी अर्ज करायचा म्हटला, तर जुने कागद लागतीलच.

कायदा काय म्हणतो?
सरकारी संस्थांनी नोंदींची सूची करावी, शक्य त्या संगणकावर आणाव्यात, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं. हा कायदा २००५ चा. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानं विद्यापीठांचं विस्तारकार्य देशभर उभं राहिलं. तिथल्या काही विद्यापीठांनी गावोगाव फिरणाऱ्या प्रतिनिधींचे जुने अहवाल स्कॅन करून खुले केलेत.

विद्यापीठानंही हे करावं. मोठं ॲप नकोच. शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर झाकावा. गाव, वर्ष, वाण, उतारा एवढंच द्यावं. सुरुवात खारपट्ट्यातल्या भातापासून व्हावी. मे महिन्यात बियाण्याच्या दुकानात उभा असलेला माणूस गावाचं नाव टाकून ते बघेल आणि काउंटरवरच्या सल्ल्याशी ताडून पाहील.