विश्लेषण : मरणातून उठलेली ‘वॉरियर नन’ आकड्यांपुढे का हरली?

कॉमिक बुकमधली तलवारधारी जोगीण पडद्यावर आली, चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतले आणि दुसऱ्या सीझननंतर अवघ्या ३३ दिवसांत तिचा गाशा गुंडाळला गेला. नेटफ्लिक्सवरील ‘वॉरियर नन’ या मालिकेची ही गोष्ट. मालिका चालली की पडली, हे ओटीटीच्या जमान्यात नेमके कोण आणि कसे ठरवते?

कॉमिकमधली नन कशी होती?

‘वॉरियर नन अरिआला’ हे कॉमिक अमेरिकी चित्रकार बेन डन यांनी १९९४ मध्ये अँटार्क्टिक प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेतर्फे आणले. चित्रशैलीवर जपानी मांगाची छाप. सैतानी शक्तींशी लढणाऱ्या कॅथलिक जोगिणींचा एक गुप्त संघ आणि त्यातली सिस्टर शॅनन ही नायिका, अशी कल्पना. त्या दशकात अमेरिकी कॉमिक्समध्ये अलौकिक शक्तीच्या लढवय्या नायिकांची लाटच आली होती. त्यांच्या हातात शस्त्र असे, पण अंगावर कपडे बेताचेच. ग्राहक मुख्यतः तरुण मुलगे, त्यामुळे नायिका लढते कशी यापेक्षा दिसते कशी याला महत्त्व. वॉरियर ननचा झगाही त्याला अपवाद नव्हता.

पडद्यावर येताना काय बदलले?

जवळपास सगळेच. सायमन बॅरी यांनी घडवलेली मालिका २ जुलै २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आली. चित्रीकरण स्पेनमधल्या अंदालुसिया प्रांतात झाले. शॅनन पहिल्याच भागात मारली जाते. तिच्या पाठीतले दैवी तेजोवलय शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते घाईघाईने शेजारी पडलेल्या एका मृतदेहात लपवले जाते. तो मृतदेह असतो अवा सिल्वा या १९ वर्षांच्या मुलीचा. लहानपणी अपघातात आई गेलेली, हातपाय लुळे पडलेले आणि सारे आयुष्य अनाथालयाच्या खाटेवर गेलेले. ती अवा शवागारात उठून बसते आणि चालू लागते.

पोर्तुगीज अभिनेत्री अल्बा बाप्टिस्टाने रंगवलेली अवा इथून पुढे जे करते, त्यातच मालिकेचे वेगळेपण आहे. ती जग वाचवायला धावत नाही, समुद्राकडे धावते. पोटभर खाते, नाचते, प्रेमात पडते आणि संघाने सोपवलेल्या जबाबदारीपासून पळ काढते. ज्या मुलीला स्वतःचे शरीर कधी वापरताच आले नाही, तिला ते मिळाल्याबरोबर कुणाच्या तरी धर्मयुद्धाला का द्यावे? कॉमिकमध्ये नायिकेचे शरीर वाचकाच्या नजरेसाठी होते. मालिकेने ते नायिकेला परत दिले. झग्याची लांबी वाढली, हा त्याचा लहानसा भाग.

मग मालिका बंद का पडली?

दुसरा सीझन १० नोव्हेंबर २०२२ रोजी आला. तो पहिल्यापेक्षा सरस असल्याचे समीक्षकांनीही सांगितले. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी मालिकांच्या जागतिक टॉप टेन यादीतही तो झळकला. तरीही १३ डिसेंबरला तिसरा सीझन होणार नसल्याचे बॅरी यांनी जाहीर केले. एकूण १८ भाग झाले होते आणि अवा व तिची जिवलग बिआट्रिस यांची ताटातूट करणाऱ्या वळणावर कथा तशीच लटकली.

असे निर्णय कसे होतात, याचा अंदाज नेटफ्लिक्सनेच २०१९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीला दिलेल्या माहितीतून येतो. कंपनी प्रेक्षकांची मोजणी तीन पायऱ्यांवर करते. मालिका सुरू करणारे, एका भागाचा किमान ७० टक्के हिस्सा पाहणारे आणि सीझनचा किमान ९० टक्के हिस्सा पाहून संपवणारे. ही आकडेवारी पहिल्या ७ आणि २८ दिवसांसाठी काढून निर्मात्यांना दिली जाते. ती खर्चाशी ताडून पाहिली जाते, हेही उघड आहे. यशस्वी मालिका आम्ही कधी बंद केलेली नाही, बंद पडलेल्या मालिकांचा प्रेक्षक लहान आणि खर्च मोठा होता, अशी भूमिका कंपनीचे सहप्रमुख टेड सॅरंडोस यांनी जानेवारी २०२३ मध्ये मांडली होती.

या हिशेबात खोट कुठे?

व्यवसाय म्हणून हा हिशेब चुकीचा नाही. पैसा कंपनीचा आहे आणि लढाया, दैत्य, ग्राफिक्स यांना तो भरपूर लागतो. खोट आहे ती मुदतीत. एका महिन्याच्या मोजपट्टीवर पहिल्या दिवसापासून पळत सुटणारी गोष्टच बसते. अवासारखी नायिका, जी अर्धा सीझन आपली भूमिकाच नाकारते आणि प्रेक्षकाला हळूहळू आपलीशी होते, ती तिथे मागे पडते. लोकांनी एकमेकांना सांगून, महिना-दोन महिन्यांनी पाहिलेली मालिका २८ दिवसांच्या हिशेबात येतच नाही.

टीव्हीवर हे वेगळे घडू शकले होते. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ ही मालिका १९९७ मध्ये अवघ्या १२ भागांनी सुरू झाली. तिला वाढायला वेळ मिळाला आणि ती ७ सीझन, १४४ भाग चालली. अर्थात जुना काळ सरसकट उदार नव्हता. कॉमिकवरूनच आलेली ‘विचब्लेड’ २००२ मध्ये दोन सीझननंतर थांबवली गेली होती.

चाहत्यांनी काय केले?

त्यांनी हॅशटॅग चालवले, सह्या गोळा केल्या आणि वर्गणी काढून लॉस एंजेलिसमध्ये नेटफ्लिक्सच्या कार्यालयासमोर फलक लावला. जून २०२३ मध्ये बॅरी यांनी ‘वॉरियर नन’ परतणार असल्याचे सांगितले तेव्हा जल्लोष झाला. ऑगस्टमध्ये निर्माते डीन इंग्लिश यांनी तीन चित्रपटांची घोषणा केली. मात्र त्यात बॅरी नसल्याचे स्पष्ट झाले आणि आनंदावर विरजण पडले. नाव परत आले, पण ज्याने अवा घडवली तो बाहेरच. चाहत्यांनी लढा दिला होता तो अवासाठी, नावाच्या पाटीसाठी नव्हे.

मराठी प्रेक्षकाचा यात काय संबंध?

मराठी घरांत तक्रार उलटी असते. टीआरपी आहे तोवर मालिका संपतच नाही, कथेचा जीव गेला तरी ताणली जाते. ओटीटीवर कथेत जीव असतानाच ती कापली जाते. दोन्हीकडे शेवट लेखकाच्या हातात नाही, आकड्याच्या हातात आहे.

यावर तोडगा अशक्य नाही. बंद करायचीच असेल, तर कथा मिटवण्यापुरता एखादा समारोपाचा भाग देण्याची हमी करारातच असावी. दर महिन्याला वर्गणी भरणाऱ्याला अर्धी गोष्ट विकली जाऊ नये, एवढी मागणी काही अवाजवी नाही. नाही तर त्याचा परिणाम कंपन्यांनाच भोगावा लागेल. मालिका अर्ध्यात तुटेल या भीतीने प्रेक्षक ती सुरूच करत नाहीत, ‘पूर्ण झाली की बघू’ म्हणतात. आणि त्यांच्या त्या थांबण्यानेच पहिल्या २८ दिवसांचे आकडे पडतात, पुढची मालिका बंद होते.