द्रवरूप नायट्रोजनची खरी भीती कोणती?

द्रवरूप नायट्रोजनचा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी विज्ञान प्रदर्शनात पाहिला असेल. गुलाबाचे फूल त्यात बुडवतात व टेबलावर आपटतात. फुलाचा काचेसारखा चुरा होतो, टाळ्या पडतात. मला हा प्रयोग अपुरा वाटतो. नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. तेव्हा तो थंड आहे, त्वचा जाळतो, हे खरेच. पण त्याच्यामुळे माणसे दगावतात ती बहुधा गुदमरून.

हिशेब करून पाहा. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तीन मीटर लांब, रुंद व उंच अशा बंद खोलीत दहा लिटर द्रव सांडला, तर हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर येतो. १९.५ टक्क्यांच्या खालीच धोका मानतात! फुलाऐवजी उंच स्टीलच्या डब्यात पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर हा थंड वायू सोडला, तर ती विझताना दिसेल. टाळ्या कमी पडतील, एवढेच.

आणि आपले शरीर इथे आपल्याला फसवते. श्वास कोंडल्यावर जीव घाबरा होतो तो रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यामुळे. नायट्रोजनमध्ये श्वास घेताना तो बाहेर जातच राहतो. त्यामुळे घुसमट जाणवत नाही. माणूस सरळ कोसळतो. वास नाही, रंग नाही. जे पांढरे धुके दिसते ते हवेतल्या बाष्पाचे.

२८ जानेवारी १९२१ नव्हे, २०२१ ची गोष्ट आहे ही, म्हणजे अगदी अलीकडची. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील गेन्सव्हिल येथे कोंबडीचे मांस गोठवणाऱ्या कारखान्यात नायट्रोजन यंत्राबाहेर सांडला. द्रवाची पातळी मोजणारी नळी वाकली होती. सहा कामगार मृत्युमुखी पडले. काय झाले ते पाहायला, सोबत्यांना वाचवायला आणखी कितीतरी जण धावत आत गेले. प्राणवायू कमी होताच घंटा वाजवणारे उपकरण तिथे नव्हते.

अशा वेळी ‘कामगारांनी सावध राहावे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जे इंद्रियांना कळतच नाही, त्याच्याविषयी सावध राहायचे कसे? म्हणून उपकरण आधी, उपदेश नंतर. आणि कोणी पडलेला दिसला, तर श्वसनयंत्राशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. हे मनाला फार कठीण जाते. म्हणूनच त्याची तालीम हवी.

आपल्याकडे गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या रेतमात्रा नायट्रोजनच्या कॅनमधून गावोगाव जातात. कॅनचे झाकण मुद्दाम सैल असते. ते घट्ट बसवले तर दाब वाढून कॅन फुटेल. म्हणजे वायू सतत बाहेर पडतच असतो. असा कॅन जीपमधून नेताना, मग थंडी असो की पाऊस, काचा उघड्या हव्यात. तो ठेवायची खोलीही खिडक्यांची हवी, अडगळीची नको.