‘सर्व नॉर्मल’ हे उत्तर नव्हे, आणि आणखी ८० चाचण्या हा उपचार नव्हे

‘८० हून अधिक चाचण्या, रक्तनमुना घरबसल्या, सवलत फक्त आज मध्यरात्रीपर्यंत.’ ही भाषा आता आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तीत काही खटकण्याजोगे आहे हेही जाणवेनासे झाले आहे. मला ती खटकते. रक्ततपासणीला माझा विरोध नाही. विरोध आहे तो भीतीवर उपाय म्हणून रक्ततपासणी विकण्याला. कारण न सापडलेली छातीतील धडधड, हातापायांतील मुंग्या, अधूनमधून फडफडणारा स्नायू, महिनोन्‌महिने न हटणारा थकवा यांनी धास्तावलेला माणूस या पॅकेजचा सर्वांत चांगला गिऱ्हाईक असतो, कारण तो पुन्हा पुन्हा येतो.

प्रथम गणित पाहू. रिपोर्टच्या उजव्या स्तंभात छापलेली ‘नॉर्मल रेंज’ बहुतेक चाचण्यांत कशी ठरते? निरोगी माणसांचा एक गट घेतात, त्यांची मोजमापे क्रमाने मांडतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना ‘नॉर्मल’ म्हणतात. म्हणजे निरोगी माणसांपैकी ५ टक्के व्याख्येनेच रेंजबाहेर पडतात. अशा २० स्वतंत्र चाचण्या पूर्णपणे निरोगी माणसावर केल्या, तर निदान एक आकडा ठळक अक्षरांत छापला जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. चाचण्या ८० केल्या, तर ती ९८ टक्क्यांवर जाते. प्रत्यक्षात अनेक चाचण्या परस्परांशी निगडित असतात, त्यामुळे खरा आकडा याहून कमी असतो. परंतु दिशा तीच राहते. जितके अधिक मोजाल, तितके ‘काहीतरी’ सापडेल. बारावीच्या विद्यार्थ्याला कळणारी ही संभाव्यता जाहिरातदारांना ठाऊक नसेल, यावर माझा विश्वास नाही.

भौतिकशास्त्राने हा धडा मोठी किंमत देऊन गिरवला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये सर्नच्या दोन प्रयोगांना ७५० जीईव्ही ऊर्जेच्या आसपास एक उंचवटा दिसला. नवा कण सापडला असावा, या आशेने शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ पर्यंत अधिक विदा हाती आली आणि उंचवटा विरून गेला. अनेक ठिकाणी शोध घेतला की कुठे ना कुठे योगायोगाचा उंचवटा दिसणारच, हे आम्ही जाणतो. म्हणूनच ५ सिग्माची अट पुरी होईपर्यंत ‘शोध’ हा शब्द उच्चारत नाही. मग ज्या देशात कणाच्या शोधासाठी एवढी कठोर शिस्त पाळणारे वैज्ञानिक आहेत, त्याच देशात माणसाच्या यकृताबद्दलचा एक ठळक आकडा, कोणत्याही डॉक्टरने न वाचता, रात्री ११ वाजता थेट मोबाइलवर का येऊन पडावा?

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. समजा, सर्व काही नॉर्मल आले; मग तरी भीती जाते का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असलेल्या रुग्णांवरील १४ यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. तपासणी केल्याने आजाराची चिंता किंवा लक्षणे दीर्घकाळ कमी झाल्याचे आढळले नाही. ज्यांनी ही भीती भोगली आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही. मी स्वतः गेली काही वर्षे अशा लक्षणांसह जगते आहे. स्वच्छ रिपोर्टचा दिलासा किती टिकतो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे: कधी आठवडा, कधी एक संध्याकाळ. त्यानंतर शंका डोके वर काढते. नमुना बदलला असेल का? चाचणी चुकीची निवडली असेल का? दिलासा हा या भीतीचा खुराक आहे. दर वेळी थोडा अधिक लागतो.

येथे दुसऱ्या बाजूलाही सुनावले पाहिजे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काहीही झालेले नाही’ असे म्हणून फाइल परत सरकवणारे डॉक्टर, ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणारे घरचे, आणि स्त्री दिसली की तपासण्याआधीच ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणणारी आपली एकूण संस्कृती, हे सारे त्या पॅकेजवाल्यांचे बिनपगारी प्रचारक आहेत. कारण तक्रार नाकारली गेली की ती खरी ठरवण्यासाठी माणूस नवा पुरावा शोधू लागतो. लक्षण खरे असते. ध्वनिवर्धकाचा आवाज पूर्ण वाढवला की सभागृहातील एरवी न ऐकू येणारी खरखरही ऐकू येते. ती खरखर काल्पनिक नसते. निरोगी हृदयही अधूनमधून एखादा ठोका अवेळी देते. बहुतेकांना तो जाणवत नाही. भीतीने कान टवकारलेल्याला जाणवतो, भीतीने ठोके आणखी वाढतात आणि चक्र पुरे होते. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणात याच दिशेने पाऊल टाकले. लक्षणाला वैद्यकीय कारण सापडत नाही, या मुद्द्यावर निदान उभे करण्याऐवजी त्या लक्षणाभोवतीची भीती, विचार आणि वर्तन यांना महत्त्व दिले. शरीर की मन, हा वाद तेथे निदानापुरता तरी मागे पडला. आपल्या दवाखान्यांत तो अजून रोज झडतो.

ही थट्टेची बाब नाही. आजारभयाचे रीतसर निदान झालेल्या ४,००० हून अधिक लोकांचा स्वीडनमधील अभ्यास २०२३ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते आणि आत्महत्येचा धोका सुमारे चौपट. ही तीव्र स्वरूपाची, निदान झालेली प्रकरणे होती; प्रत्येक धास्तावलेल्या विद्यार्थ्याला हे आकडे लागू होत नाहीत. मात्र ‘काही नाही, उगाच घाबरतो’ या वाक्यातील ‘काही नाही’ किती खोटे आहे, हे त्यांवरून कळावे.

उपचार आहेत, हे अधिक चीड आणणारे आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत ४४४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार-वर्तन उपचारपद्धतीच्या मोजक्या बैठकांनी आजाराची भीती कमी झाली आणि तो फायदा दोन वर्षांनंतरही टिकून होता. उपचार देणाऱ्यांत प्रशिक्षित परिचारिकाही होत्या. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. रक्त काढायला माणूस तासाभरात दारी येतो. बोलायला माणूस मिळत नाही. त्यात जुन्या करप्रणालीत प्रतिबंधात्मक तपासणीच्या खर्चावर ५,००० रुपयांपर्यंतची वजावट मिळते. कोणती तपासणी, कोणासाठी, कशासाठी, हे कोणी विचारत नाही.

‘पण लवकर निदान झाले तर जीव वाचतात’ हा आक्षेप येईलच. काही आजारांत वाचतात. म्हणूनच तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमात आहे आणि ती अवश्य करावी. वजन अकारण घटणे, कुठूनही रक्त जाणे, श्रम केल्यावर छातीत दुखणे, अंगाचा एखादा भाग लुळा पडणे, यांत तर क्षणाचाही विलंब नको. परंतु सरसकट आरोग्य तपासणीवरील २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात, अडीच लाखांहून अधिक लोकांच्या विदेत, अशा तपासण्यांनी एकूण मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. दक्षिण कोरियात थायरॉइडची सरसकट सोनोग्राफी रुळली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात त्या कर्करोगाचे निदान १५ पटींनी वाढले; मृत्यूंचे प्रमाण मात्र जवळपास तेवढेच राहिले. वाढली ती रुग्णांची आणि शस्त्रक्रियांची संख्या.

म्हणून मागणी साधी आहे. पॅकेजच्या जाहिरातीतच लिहावे, की निरोगी माणसाचाही एखादा आकडा रेंजबाहेर येऊ शकतो. डॉक्टरच्या सल्ल्याविना विकल्या जाणाऱ्या चाचण्यांच्या गठ्ठ्याला करसवलत नसावी. प्रत्येक विद्यापीठात आणि संशोधन संस्थेत समुपदेशक असावा, आणि तो फलकापुरता नसावा.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी भीतीने बोट ‘आता बुक करा’ या बटणाकडे वळेल, तेव्हा प्रयोगशाळेत विचारता तोच प्रश्न विचारा: या मोजमापाने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळणार आहे, आणि उत्तर आले तर मी वेगळे काय करणार आहे? उत्तर सुचत नसेल, तर एकाच विश्वासू डॉक्टरकडे जा, त्यांना लक्षणाबरोबर भीतीही सांगा. तेही जमत नसेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा राष्ट्रीय क्रमांक आहे. तो विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.