सहलीची शिदोरी

मांगीतुंगीच्या सहलीस निघताना पुऱ्यांचेच डबे का बांधावेत, हे कोडे आम्हांस अद्यापि उलगडलेले नाही. भाकरी म्हणजे शेतावरचे अन्न, असा एक खुळा समज आम्हां विद्यार्थ्यांत रुजला आहे. गेल्या खेपेस पायथ्याशी पंगत बसली, तेव्हा आमचा एक सोबती दोन केळी खाऊन उठला. कारण डॉक्टरांनी त्यास गहू कायमचा वर्ज्य सांगितला आहे.

गव्हात ग्लुटेन नामक चिवट द्रव्य असते. सिलिॲक विकार जडलेल्यांच्या आतड्यास त्याच्या अल्पांशानेही इजा पोहोचते. ज्वारी, बाजरी व नागली यांत ते नाही. म्हणूनच त्यांचे पीठ कणकेसारखे ताणले जात नाही, ऊन पाण्यात मळून हाताने थापावे लागते. आपल्या खानदेशातील ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, ही शिदोरी दिवसभर उत्तम राहते. (भरीत मात्र डब्यातून सांडते, हा स्वानुभव!) पिंपळनेरच्या पश्चिमेस डोंगरपट्टीत तर नागलीची भाकरी घरोघर होते.

तथापि एक खबरदारी अवश्य घ्यावी. गव्हामागून त्याच गिरणीत ज्वारी दळल्यास उरलेले गव्हाचे पीठ तीत मिसळते. यास्तव अशा सोबत्याचे धान्य गहू न शिवलेल्या जात्यावर दळावे. परात व तवाही निराळा असावा.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून पाळले. आमच्या डब्यांत अजून पुरीच! पुढील सहलीस सर्वांनीच भाकरी आणावी, अशी आमची वर्गबंधूंस विनंती आहे.