उत्सव आपल्या आळीत आणू या

शिमग्यात कोकणातली ग्रामदेवता देऊळ सोडून बाहेर पडते. पालखी वाडीवाडीतून फिरते, अंगणात टेकते, घरची बाई ओटी भरते, नवस फेडला जातो, नवा बोलला जातो, आणि भोई पुढच्या घराची वाट धरतात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यालाही त्या दिवशी देवाचे दर्शन होते, कारण देवच त्याच्या दारी आलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांनी ही रीत पिढ्यान् पिढ्या सांभाळली आणि मुंबईचा चाकरमानी रजा टाकून, गाडीत उभ्याने प्रवास करून तिच्यासाठी गावी येत राहिला. आपल्या मंडळांनी मात्र परदेशात नेमकी उलटी रीत घालून घेतली आहे. गणपती, संक्रांत, पाडवा, दिवाळी, काहीही असले तरी शहराच्या एका टोकाला भाड्याचे सभागृह घ्यायचे आणि साऱ्या उपनगरांतल्या मराठी घरांनी तिथवर गाडी हाकत यायचे. दोन अंकी नाटक होते, जेवणाची रांग लागते आणि रात्री दहा वाजता सभागृह रिकामे करून द्यावे लागते. या कार्यक्रमांमागे कार्यकर्त्यांचे अपार कष्ट असतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही मला वाटते की मंडळाने आपल्या पैशाचा आणि मनुष्यबळाचा निम्मा वाटा यातून काढून वस्तीवस्तीतल्या, चालत किंवा दहा मिनिटांत पोहोचता येईल अशा, वीस-पंचवीस घरांच्या लहान मेळाव्यांकडे वळवायला हवा. वर्षातून एकदाच नव्हे, दर ऋतूत.

दापोली तालुक्यातल्या मुरुडचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे, कारण गर्दी आणि गाव यांतला फरक तिथे उघड्या डोळ्यांना दिसतो. सुट्टीच्या दिवशी मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्या उभ्या असतात, डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या सुटतात, वाळूत माणसांची दाटी होते. ही माणसे आनंदात असतात, पण एकमेकांची नसतात; सोमवारी त्यांच्यातले काहीही मागे उरत नाही. किनाऱ्याच्या आत, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा गावचा रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंची घरे आणि दुर्गादेवीचे देऊळ ही मांडणी वेगळ्या हेतूने झालेली आहे. हे गाव मुळात आखूनच वसवले गेले, असे परंपरेने सांगितले जाते. धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले. त्यांच्या बालपणी सोमण मास्तरांच्या प्रेरणेने दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांसाठी वर्तमानपत्राचे वाचन होई, आणि वाचणारा असे शाळकरी धोंडू. एक देऊळ, एक वर्तमानपत्र, एक मुलगा आणि संध्याकाळचे काम उरकून आलेली चार माणसे. खर्च जवळजवळ शून्य. पण ज्या लाजाळू मुलाला एरवी कुणी चारचौघांत बोलू दिले नसते त्याला गावाने एक काम दिले, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना जगाची खबर मिळाली. पुढे मुंबईत शिकवू लागल्यावर कर्व्यांनी आणि त्यांच्या गाववाल्यांनी मुरुड फंड काढला. गावाबाहेर कमावणाऱ्याने आपल्या मिळकतीतला लहानसा हिस्सा नेमाने गावासाठी बाजूला काढायचा, एवढीच त्याची कल्पना होती. मला या दोन्ही गोष्टींत एकच सूत्र दिसते. माणूस गावाचा होतो तो गावाच्या कामातला आपला वाटा उचलल्याने. कार्यक्रम पाहून तो फक्त प्रेक्षक होतो.

आता आपल्या सभागृहात कोण येत नाही, याचा विचार करू. पोरांकडे बघायला म्हणून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील येत नाहीत, कारण त्यांना गाडी चालवता येत नाही आणि मुलगा-सून आठवडाभर दमलेले असतात. तान्ह्या बाळाची आई येत नाही. नुकताच नोकरीवर आलेला, अजून गाडी न घेतलेला तरुण येत नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, कामाचा परवाना नसलेली, दिवसभर घरात एकटी असलेली मुलगी येत नाही. ज्यांना मंडळाची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच माणसे अंतरामुळे गळतात, आणि ज्यांचे या देशात बस्तान बसले आहे त्यांच्यासाठी आपण सभागृह भरवतो. अंतराचा हा परिणाम आपल्यापुरताच नाही. रॉबर्ट पुटनम यांनी २००० साली ‘बोलिंग अलोन’ या ग्रंथात अमेरिकेतल्या सामाजिक जीवनाची ओहोटी मांडली. रोजच्या प्रवासात दहा मिनिटांची भर पडली की माणसाचा सामुदायिक कामांतला सहभाग साधारण दहा टक्क्यांनी घटतो, असे त्यांनी त्यात दाखवले. आठवडाभर रस्त्यावर तासन् तास घालवणाऱ्या कुटुंबाकडून शनिवारी आणखी दीड तास मागायचा आणि मग ‘हल्ली लोकांना आस्था उरली नाही’ म्हणायचे, हे न्यायाचे नाही. एकटेपणाला किरकोळ समजण्याचेही दिवस आता गेले. २०१० साली ज्युलियन होल्ट-लनस्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांनी जास्त आढळली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी एकटेपणावर स्वतंत्र इशारापत्र काढले. बंद दाराआड दुपार काढणाऱ्या आजी-आजोबांना वर्षातून चार वेळा सजवून सभागृहात नेऊन हा प्रश्न सुटत नाही. त्यांना पुढच्या वळणावर राहणाऱ्या मराठी घराची ओळख हवी असते, म्हणजे मंगळवारी दुपारी चार वाजता ते स्वतःच्या पायांनी तिथे जाऊ शकतील.

लहान मेळाव्याचा दुसरा गुण असा की त्यात कुणी रिकामे बसू शकत नाही. उपनगरातल्या उद्यानाच्या छपराखाली वीस घरे जमली तर कुणी भाजणी आणेल, कुणी शेगडी, कुणी मोठे पातेले. सत्तरीची आजी मोदकाची पाकळी कशी काढायची ते दाखवेल आणि दहा वर्षांची मुलगी पंगतीत वाढेल. परदेशातल्या मुलांच्या मराठीची चिंता आपण नेहमी करतो. रविवारच्या मराठी शाळांना माझा पाठिंबा आहे, पण भाषा वर्गात शिकली तरी टिकते ती कामात. ‘अजून थोडं वाढ’, ‘पाणी गळतंय बघ’, ‘सतरंजीचं ते टोक धर’ या वाक्यांसाठी सतरंजी लागते आणि ती धरायला दुसरे माणूस लागते. सभागृहातल्या मुलाच्या हाती फोन असतो आणि त्याच्याकडून अपेक्षा एकच, की त्याने गप्प बसावे. एरवी शहाणीसुरती असलेली आपली माणसे हे का ध्यानात घेत नाहीत, याचे मला खरोखर वाईट वाटते.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की वस्तीवस्तीत वेगळे मेळावे भरू लागले तर मंडळाचे तुकडे होतील. कोणती वस्ती श्रीमंत, कोणती साधी. कुठे एकाच गावचे लोक, कुठे एकाच जातीचे. हळूहळू कंपू तयार होतील आणि नव्या माणसाला दार बंद होईल. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण मुरुडचाच इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्यानंतर ज्या गावासाठी त्यांनी फंड उभारला होता, त्याच गावच्या मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कर्वे असतील त्या बैठकीत कुणी बसायचे नाही, आणि त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचे, असे ठरले. जे गाव एकत्र बसण्याने बांधलेले होते त्याने एकत्र बसण्याचेच हत्यार केले. पालखीच्या मानापानावरून आजही कोकणात वाद पेटतात, कधी गावच्या सणाला पोलीस बंदोबस्त लागतो. लहान समाज उबदार असतो तसाच तो गुदमरवणाराही होऊ शकतो, हे कबूल केल्याशिवाय माझ्या म्हणण्याला अर्थ नाही.

पण त्याच १८९३ साली मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. चाळ हाही लहानच समाज होता. त्याची हद्द मात्र जिन्याने ठरत होती. ज्याची खोली त्या चाळीत तो त्या उत्सवाचा. कोण कुठल्या गावचा आणि कोण कुणाचा मेहुणा, हे नंतर. माझ्या मते आक्षेपाचे उत्तर इथे आहे. मेळाव्याचे बोलावणे ओळखीवरून गेले तर कंपू होणारच, आणि असे कंपू आजही आहेत. शनिवारी रात्री घरोघर होणाऱ्या पार्ट्या ठरलेल्या सहा कुटुंबांच्याच असतात आणि सातव्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. बोलावणे पिनकोडवरून गेले पाहिजे. एका भागातले प्रत्येक मराठी घर, सभासद असो वा नसो, यादीत आले पाहिजे आणि ती यादी यजमानाने न करता मंडळाने केली पाहिजे. मराठी माणसाने परक्या भाषेतल्या जोडीदाराशी लग्न केले असेल, दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा संसार असेल, कुणी घटस्फोटित असेल, कुणी आपल्या जातीमुळे आजवर मंडळापासून लांब राहिले असेल, तर पहिले बोलावणे तिकडे जावे. कर्व्यांना बैठकीतून उठवणारे गाव आपल्याला परदेशात पुन्हा वसवायचे नाही.

नाटक, गाणे यांचे काय, असे विचारले जाईल. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे, उत्तर अमेरिकेत १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, आणि या संस्थांच्या मोठ्या व्यासपीठांमुळे मराठी नट-गायकांना साता समुद्रापार श्रोता मिळाला. ते व्यासपीठ मोडावे असे मी म्हणत नाही. म्हणूनच निम्मा वाटा म्हटले, सगळा नव्हे. चांगले नाटक वर्षातून एकदा-दोनदा यावे आणि त्यासाठी लोकांनी लांबून यावे. मात्र प्रत्येक सणाला मनोरंजनाची जोड हवीच, हा हट्ट सोडावा. संक्रांतीला तिळगूळ आणि शेजारी एवढे पुरते. कार्यकर्ते मिळत नाहीत, हे दुसरे गाऱ्हाणे. मोठ्या कार्यक्रमाला मोजके कार्यकर्ते लागतात आणि ते मोडेपर्यंत राबतात. दर दोन वर्षांनी समिती थकून बदलते, त्याचे कारण हेच. वीस घरांच्या मेळाव्यात प्रत्येकाच्या वाट्याला तासाभराचे काम येते. ते करायला निवडणूक लढवावी लागत नाही.

अमराठी शेजाऱ्यांनी आपल्यात यावे का, यावर मतभेद राहतील. माझे मत यावे असेच आहे. फ्रान्समध्ये १९९९ पासून ‘शेजाऱ्यांचा सण’ भरतो. इमारतीतल्या, गल्लीतल्या माणसांनी टेबले खाली आणायची आणि एकत्र जेवायचे, एवढेच त्याचे स्वरूप आहे, आणि पॅरिसच्या एका भागात सुरू झालेला हा दिवस पुढे अनेक देशांत गेला. अमेरिकेत १९८४ पासून ऑगस्टमध्ये ‘नॅशनल नाइट आउट’च्या संध्याकाळी गल्ल्या बंद करून लोक बाहेर बसतात. आपल्या किती घरांनी त्या संध्याकाळी कांदेपोह्यांचा टोप घेऊन रस्त्यावर यायचे धाडस केले आहे? आपण त्यांच्या सणाला गेलो नाही तर आपली होळी, आपले ढोल त्यांना फक्त आवाज वाटणार आणि तक्रार पोलिसांकडे जाणार. मराठी बोलणे कमी होईल ही भीती मला खोटी वाटते; यजमानपण मराठी घराकडे असेल तर पाहुण्याचीच जीभ ‘धन्यवाद’ आणि ‘पुरणपोळी’ शिकते.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेपुढे माझी मागणी अशी आहे. शहराचे भाग पाडून प्रत्येक भागाला एक वाडी मानावी. प्रत्येक वाडीला वर्षाला चार मेळाव्यांपुरती लहान रक्कम, उद्यानाच्या किंवा ग्रंथालयातल्या खोलीच्या आरक्षणासाठी मंडळाचे नाव आणि विमा, आणि त्या भागातल्या सर्व मराठी घरांची यादी, ज्यांची संमती आहे त्यांची, मंडळाने द्यावी. यजमानपद दर वेळी फिरते ठेवावे. पैसा मुरुड फंडाच्या धर्तीवर उभारावा, म्हणजे तिकिटाऐवजी प्रत्येक कमावत्या माणसाने आपल्या ऐपतीचा लहान, ठरलेला हिस्सा द्यावा आणि ज्याला देता येत नाही त्याला कुणी विचारू नये. गाडी नसलेल्यांना आणायचे काम नावानिशी वाटून द्यावे. सुरुवात फाल्गुनापासून करता येईल. थंडी ओसरू लागलेली असते, होळीसाठी नगरपालिकेचा परवाना नसेल तर शेगडीवरही पुरणपोळ्या होतात. त्या दिवशी मंडळाची गणेशमूर्ती किंवा नुसता नारळ ताटात घेऊन वाडीतल्या ज्या घरांतून माणूस बाहेर पडू शकत नाही, त्या घरांपर्यंत मुलांनी चालत जावे. या कामासाठी लागणारी रक्कम एका मोठ्या सभागृहाच्या भाड्यापेक्षा जास्त होणार नाही. समितीने जुने हिशेब काढून ती ताडून पाहावी आणि सभेपुढे आकडे ठेवावेत.