नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ

मुलांच्या भांडणात शिक्षकाने लगेच निकाल देऊ नये, हा माझा वर्गातला नियम. गेल्या महिन्यात घरात तो मोडायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ शारजाहला असतो. भाभी, त्यांची मुलगी आणि आमची अम्मी तळेगावला, आम्ही लोणावळ्यात. मामू सुटीवर येणार हे कळल्यावर माझ्या मुलाने आणि भाचीने मिळून त्याच्याकडे हातात धरून खेळायचं गेम मशीन मागितलं. मागणी एकत्र, पण मशीन वेगवेगळं. सातवीतल्या आमच्या चिरंजीवांना स्टीम डेक हवा होता, सहावीतल्या भाचीला निन्टेंडो स्विच. भावाने व्हिडिओ कॉलवर सरळ सांगून टाकलं, "दोघांत मिळून एकच आणीन. कोणतं ते आपा ठरवेल. टीचर आहे ती."

आपाला दोन्हींतलं ओ की ठो कळत नव्हतं. माझा पहिला विचार होता, फोन आहे ना घरात, मग हे कशाला? पण मागच्या वर्षी माझ्या फोनवरून एका 'फुकट' खेळात नऊशे रुपये गेले होते, खेळातल्या शिपायाला रंगीत कपडे घ्यायला. फुकटच्या खेळाचा धंदाच असा असतो. आत येऊ देतात मोफत, आणि मग पावलोपावली खिसा चाचपतात. एकदा किंमत मोजली की पुन्हा पैसे न मागणारे बरेच खेळ या मशीनवर मिळतात, असं मुलांनी सांगितलं. म्हटलं, चला, ऐकून तर घेऊ.

मुलगा म्हणाला, "अम्मी, स्टीमवर हजारोंनी गेम आहेत." भाची म्हणाली, "फुफी, पण मारिओ त्यात नाही." तो म्हणाला, "एका मारिओसाठी हजारो सोडायचे?"

हा हजारोंचा हिशोब ऐकून मला आमचा जुना ब्रिक गेम आठवला. नव्वदच्या दशकात अब्बांनी मुंबईहून आणला होता. राखाडी पडदा, दोन पेन्सिल सेल आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '९९९९ इन १'. लोणावळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत आठ-आठ दिवस घराबाहेर पाय ठेवता यायचा नाही. अशाच एका आठवड्यात मी आणि भावाने वही घेऊन ते नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ मोजायला घेतले. विटा रचायचा खेळ, रणगाड्याचा, मोटारींचा, सापाचा, रस्ता ओलांडणाऱ्या बेडकाचा. पुढे तेच खेळ, फक्त वेग वाढलेला किंवा विटा आधीच रचून ठेवलेल्या. डझनभरानंतर आमची वही थांबली. आजही बाजारात चिक्कीच्या दुकानांशेजारी चारशे खेळांची छोटी मशीनं टांगलेली दिसतात. मोजून बघा एकदा.

शाळेच्या कुतुबखान्याची चावी माझ्याकडे असते. दाखल नोंदवहीतला पुस्तकांचा आकडा तपासणीला आलेल्या साहेबांना आवडतो. पण मुलं कोणती पुस्तकं नेतात ते देवघेवीच्या वहीतून कळतं, आणि ती चाळीस-पन्नासच्या वर नसतात. खेळांचंही असंच असेल का, हे बघायला मी या मशीनांचा इतिहास वाचला. तो भलताच रंजक निघाला.

निन्टेंडोने गेम बॉय १९८९ साली जपानमध्ये आणला. पडदा हिरवट, रंग नाहीत, अंधारात दिसायचा नाही. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर आला, रंगीत आणि उजळ पडद्याचा. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर कोणीही गेम गिअरच उचलेल. पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. अमेरिकेत त्याच्यासोबत टेट्रिस मिळायचा. हाच तो आपला विटांचा खेळ, मॉस्कोच्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली तयार केलेला. तो सहा वर्षांच्या पोरालाही कळे आणि साठीच्या आजीलाही. शेवटी गेम गिअर एक कोटीच्या आसपास विकला गेला आणि गेम बॉय, त्याच्या रंगीत भावंडासह, ११ कोटी ८७ लाख.

१९९६ साली त्याच गेम बॉयवर पोकेमॉन आला, एकदम दोन कॅसेटींत, लाल आणि हिरवी. प्राणी जमवायचे दीडशे, पण कोणत्याही एका कॅसेटीत ते सगळे सापडायचे नाहीत. उरलेल्यांसाठी मित्राच्या मशीनला वायर जोडून अदलाबदल करायची. म्हणजे दोस्ताशिवाय खेळ पुराच होणार नाही, अशीच त्याची रचना होती.

२००४ साली पुन्हा तशीच जोडी समोर आली, सोनीचा पीएसपी आणि निन्टेंडोचा डीएस. पीएसपी म्हणजे मोठा झकास पडदा, त्यावर सिनेमेही दिसायचे. डीएसचे दोन छोटे पडदे, त्यातल्या एकाला काडीने स्पर्श करायचा. पीएसपीच्या खेळांत मारामारी आणि मोटारी पुष्कळ. डीएसवर कुत्र्याचं पिल्लू पाळायचा खेळ होता, कोडी होती, आकडेमोडीचा मेंदूचा व्यायाम होता. ज्यांनी कधी गेमला हात लावला नव्हता अशा मोठ्या माणसांनी तो घेतला. डीएस १५ कोटी ४० लाख खपला, पीएसपी त्याच्या निम्म्याच्या आसपास. पीएसपीला नाव ठेवायचं कारण नाही. आपल्या देशात तो रीतसर मिळायचा, आणि हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीचा 'देसी अड्डा' २००९ साली त्यावर आला. त्यात कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी होती.

एवढं वाचल्यावर मी दोघांना गृहपाठ दिला. "हजारो वगैरे मला सांगू नका. खरोखर खेळाल अशा दहा खेळांची नावं लिहा. पुढे चार रकाने: किती वयासाठी, किंमत, कुणाला उसना देता येतो का, आणि कुणाबरोबर खेळणार."

पुढच्या रविवारी तळेगावात अम्मीच्या खाटेवर बसून आम्ही दोन्ही याद्या तपासल्या.

वयाचा रकाना आधी घेतला. खेळाच्या खोक्यावर युरोपात ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा असतो, अमेरिकेत अक्षरं असतात. मुलाच्या यादीतल्या एका खेळापुढे १८ होते. तो त्याने न सांगताच खोडला. दोन्ही मशीनांत पालकांनी कुलूप घालायची सोय आहे, पण आकडा वाचायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

किमतीत मुलगा जिंकला, आणि रास्त जिंकला. अमेरिकेत स्विच २०१७ साली ३०० डॉलरला आला, स्टीम डेक २०२२ साली ४०० डॉलरपासून पुढे. यंत्र स्टीमचं महाग, पण खेळ स्वस्त. तिथे किमती रुपयांत असतात, सेल लागतात, आणि चांगले खेळ काहीशे रुपयांत मिळतात. निन्टेंडोचे स्वतःचे मोठे खेळ साठ डॉलरच्या घरात, आणि वर्षं गेली तरी भाव फारसे उतरत नाहीत. दोन्ही यंत्रं आपल्याकडे बाहेरून आणलेली मिळतात, त्यामुळे दुरुस्तीची हमी विचारून घ्यावी. मुलाच्या हजारोंत मात्र एक गोम होती. स्टीमवरचा प्रत्येक खेळ डेकवर नीट चालतोच असं नाही. कुठला तपासलेला, कुठला जेमतेम चालणारा, कुठला न चालणारा, अशी वर्गवारी बनवणारी कंपनीच करते.

उसन्याच्या रकान्यात भाचीची सरशी झाली. स्विचला छोटी कॅसेट लागते, ती मैत्रिणीला देता येते, जुनी झाली की विकता येते. डेकला कॅसेटच नाही, सगळं खात्यावर. मुलाने लगेच सांगितलं की स्टीमवर घरातले सहा जण एकमेकांचे खेळ वापरू शकतात. खरं आहे, पण ती सोय एका घरातल्यांसाठी आहे, आणि आमची घरं दोन. खात्यावरच्या खेळांचं आणखी एक आहे. ते दुकानाच्या मर्जीवर असतात. निन्टेंडोनेच २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या थ्रीडीएस या जुन्या मशीनचं ऑनलाइन दुकान नव्या खरेदीसाठी बंद केलं. ज्यांच्याकडे कॅसेटी होत्या त्या आजही हातोहात फिरतात.

एक नाव दोन्ही याद्यांत होतं, 'राजी'. भावाला शोधत निघालेल्या बहिणीची ही गोष्ट, राजस्थानी महाल आणि छायाबाहुल्यांच्या चित्रांतून सांगितलेली. ती बनवली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आली ती स्विचवर. गंमत अशी, की निन्टेंडो तेव्हा आपल्या देशात स्विच अधिकृतपणे विकतच नव्हतं. "म्हणजे पुण्यातला गेम, आणि पुण्याच्या दुकानात त्याचं मशीनच नाही?" भाची विचारत राहिली.

शेवटचा रकाना राहिला होता, कुणाबरोबर खेळणार. भाचीने लिहिलं होतं: मारिओ कार्ट, भाईजानबरोबर. शेतीचा स्टारड्यू व्हॅली, अम्मीबरोबर. एक्कावन्न खेळांचा संच, दादीबरोबर, कारण त्यात लुडो आणि कॅरम आहे. त्याच संचात पत्त्यांचे पैजेचे डावही आहेत. पैसे जात नसले तरी आमच्या घरात ते बंद राहतील, हे अम्मीने तिथेच सांगितलं.

मुलाच्या यादीत दहापैकी सात खेळांपुढे एकच शब्द होता, 'एकट्याने'.

मी टीचरच्या सुरात म्हटलं, "बघ, तुझी यादी काय सांगते." तो रागावला नाही. खाली बघत म्हणाला, "अम्मी, दुपारी घरात असतं कोण?"

त्याची सकाळची शाळा. दीडला तो घरी येतो, डब्यातलं गरम करून खातो. मी साडेपाचला पोहोचते, त्याचे अब्बा दुकान बंद करून नऊला. चार तास कुलूपबंद घरात मूल फोन घेऊन बसतं, आणि फोन घेऊन बसतं म्हणून त्यालाच बोलणी खावी लागतात. त्या नऊशे रुपयांसाठी मी त्याला बरंच काही बोलले होते. ती दुपारीच गेले होते, हे मला त्या क्षणी आठवलं. अम्मी काही बोलली नाही, फक्त त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

निकाल द्यायचा होता, तो दिला. स्विच आणायचा, आणि तोही सुटं होणारं हँडल असलेला. लाइट नावाचा स्वस्त प्रकार आहे, त्याचं हँडल निघत नाही. आमच्या मोठ्या स्विचचे दोन तुकडे दोघांच्या हातात जातात आणि एकाच मशीनवर दोघं खेळतात. दोन खेळाडूंसाठी वेगळा खर्च नाही. २०२५ साली स्विच २ आला, त्यावर जुने बहुतेक खेळ चालतात, पण आमच्या बजेटला जुनाच बरा. जुनी घेतलेली कॅसेट पुढे वाया जाणार नाही, एवढं समाधान. स्टीम डेक म्हणजे खरं तर छोटा कॉम्प्युटरच आहे. मुलगा दहावी झाला की त्यावर पुन्हा बोलू, हे मी त्याला लिहून दिलं आहे. तारखेसह.

कॅसेटी दोन येतील. मारिओ कार्ट सगळ्यांची. दुसरी निवडायचा हक्क मुलाला, आणि त्याने झेल्डा निवडला, एकट्याने रानोमाळ भटकायचा मोठा खेळ. भाची कुरकुरली, पण मी त्याची बाजू घेतली. एकट्याने वाचलेल्या पुस्तकाला आपण वाईट म्हणत नाही. रोज फक्त तेच एक उरतं, तेव्हा काळजी करायची.

मशीन पंधरा दिवस लोणावळ्यात, पंधरा दिवस तळेगावात राहील. शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस असते. त्या दिवशी दुपारच्या लोकलने आम्ही मायलेकं तळेगावला जाऊ आणि रविवारी परतू. मशीन आलं नाही तरी गेले तीन शनिवार आम्ही जातोच आहोत. मंगळवारी आणि गुरुवारी तो जेवून माझ्या शाळेत येतो आणि कुतुबखान्याच्या खोलीत बसतो. आमच्या मुख्याध्यापिकांची परवानगी एका वाक्यात मिळाली. ती मागायला मला दोन वर्षं का सुचलं नाही, हे मी अजून स्वतःला विचारते आहे.

तुमच्या घरीही दोन मशीनांचा वाद निघाला, तर तो पाचवा रकाना मुलांकडून जरूर भरून घ्या. आणि भरलेला वाचताना थोडं मन घट्ट ठेवा.

भाऊ पुढच्या महिन्यात येतोय. मुलाने देवघेवीची वही आतापासून आखून ठेवली आहे: कॅसेटीचं नाव, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख. शेवटी एक अरुंद रकाना आहे, त्यावर लिहिलंय 'कॅरममध्ये नानीने किती वेळा हरवलं'.